न धावलेले किलोमीटर

रविवारची संध्याकाळ झाली की बुरुल फोनकडे बघायचं टाळायची. किर्गिझस्तानात, बिश्केकमधल्या तिच्या दोन खोल्यांच्या घरात चहा उकळत असायचा, वडील खिडकीपाशी बसून कुर्तचा, म्हणजे वाळवलेल्या खारट दह्याचा, खडा चघळत असायचे आणि टेबलावरचा फोन थरथरू लागायचा. धावणाऱ्यांच्या ग्रुपचा म्होरक्या एर्निस दर आठवड्याला तेच लिहायचा, "चला मंडळी, आकडे टाका! लपाछपी चालायची नाही!"

आकडे म्हणजे आठवडाभरात कोण किती किलोमीटर धावलं ते. एक जानेवारीला सकाळी चौतीस जण बागेत बर्फावर उभे राहिले होते आणि गरम बोरसोक, म्हणजे तळलेल्या पिठाचे गोळे, खाताखाता एकेकाने आपला नव्या वर्षाचा संकल्प मोठ्याने सांगितला होता. कुणी वजन उतरवणार होतं, कुणी सिगारेट सोडणार होतं. शाळेत भूगोल शिकवणारी एक्केचाळीस वर्षांची बुरुल पुढे येऊन म्हणाली होती, "मे महिन्यात इसिक-कुल सरोवराच्या काठावर मी पूर्ण मॅरेथॉन धावणार. बेचाळीस किलोमीटर!" टाळ्यांचा कडकडाट झाला. सहा वर्षांपूर्वी नवरा कामासाठी रशियाला गेला आणि तिकडेच दुसरा संसार थाटून बसला. तेव्हापासून तिच्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

आता फेब्रुवारी सरत आला होता आणि बुरुलची उजवी नडगी रात्रंदिवस ठणकत होती. डॉक्टरांनी हाडाचा फोटो बघून सांगितलं, "भेग आहे. बारीक आहे, पण आहे. दोन महिने धावणं बंद. ऐकलं नाहीत तर मोडेल."

ती ग्रुपला काही बोलली नाही. बोलणार तरी कशी? ज्याचा आकडा कमी, त्याचं नाव एर्निस 'मेंढ्यांच्या यादीत' घालायचा. नावापुढे जाड शेपटीच्या मेंढीचं चित्र आणि त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. तोकोन नावाचा एक टॅक्सीवाला लागोपाठ तीन आठवडे मेंढी झाला, चौथ्या आठवड्यात ग्रुप सोडून गेला. त्यावरही लोक हसले. बुरुलही हसली होती.

शिवाय शाळेत नुसती टोमणेबाजी. "काय बुरुल, या वयात पोरींसारखी उड्या मारत फिरतेस, लाज नाही वाटत?" असं विचारणाऱ्या बायांना तिने ठणकावून सांगितलं होतं, "मे महिन्यात पदक आणून दाखवते!" आता कुठल्या तोंडाने माघार घ्यायची?

त्या रविवारी तिने पाय स्टुलावर ठेवला, नडगीवर बर्फाची पिशवी ठेवली आणि फोनमध्ये मागच्या शरद ऋतूतला, किलोमीटर मोजणाऱ्या घड्याळाचा एक फोटो शोधून काढला. त्यावरची तारीख कापून टाकली आणि फोटो पाठवून दिला. अठ्ठावीस किलोमीटर.

"शाब्बास, एजे!" ग्रुपमधली तरुण मंडळी तिला एजे, म्हणजे थोरली बहीण म्हणायची. "वाघीण आहात!" एकाचा बोलका निरोप खोलीभर वाजला.

खिडकीपाशी बसलेले वडील, झुमाबेक, उमेदीच्या वयात शर्यतीचे घोडे तयार करायचे. जिना चढणाऱ्या माणसाच्या नुसत्या पावलांवरून त्याचा कुठला पाय दुखतो हे त्यांना कळायचं. ते म्हणाले, "पोरी, तू नऊ दिवस घराबाहेर पळायला गेली नाहीस. मग हे वाघीण कुणाला म्हणतात?"

"बाबा, तुम्ही यात पडू नका," ती बापावर खेकसली. "तुमच्या काळात असलं काही नव्हतं."

म्हाताऱ्याने हातातला कुर्त खिडकीवर ठेवला. त्याचा चेहरा क्षणभर पांढरा पडला, पण बुरुलचं तिकडे लक्ष नव्हतं.

एक खोटं पचलं की दुसरं आपोआप घशाखाली उतरतं. तीस किलोमीटर, चौतीस, अडतीस. आकडे चढत गेले आणि बुरुल घरात लंगडत राहिली. त्यातून मार्चच्या मध्यावर साल्किनचा खासगी मेसेज आला.

साल्किन एकोणतीस वर्षांची होती, एका शिवणकारखान्यात मशीनवर बसायची. घरी सासू आणि चार वर्षांची लेक. बुरुलनेच तिला धावायला आणलं होतं आणि तिनेही मॅरेथॉनचाच संकल्प केला होता. तिने लिहिलं होतं, "एजे, माझ्या जांघेत आठ दिवस दुखतंय. मशीनचं पेडल दाबतानाही कळ येते. तुमचं काही दुखतं का हो? तुम्ही काय करता?"

बुरुलने तो मेसेज तीनदा वाचला. 'थांब, डॉक्टरकडे जा, मीसुद्धा थांबले आहे,' एवढंच लिहायचं होतं. पण मग साल्किनने विचारलं असतं, एजे, ते अडतीस किलोमीटर कुठून आले?

तिने लिहिलं, "दुखतंच गं. दोन दिवसांत जातं. थांबलीस की संपलीस."

तेव्हाही तिचा पाय स्टुलावरच होता.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी ग्रुपची सगळ्यात लांब धाव होती, मोठ्या कालव्याच्या काठाने तीस किलोमीटर. "मी माझे तीस कालच उरकले," असं सांगून बुरुल पाणी वाटायच्या टेबलामागे उभी राहिली. शेजारी एर्निस घड्याळ धरून उभा होता. चिनारांना नुकती पालवी फुटली होती. धावणारे येत होते, पाण्याचे पेले उचलत होते, हसत पुढे जात होते.

सव्विसाव्या किलोमीटरला साल्किन आली. ती धावत नव्हती, अंग एका बाजूला फेकत पुढे सरकत होती. चेहरा मेणासारखा, खालचा ओठ दातांत धरलेला. पेला उचलताना तिने निम्मं पाणी सांडलं.

"एजे," ती हळूच म्हणाली, "थांबू का?"

तो एक क्षण बुरुल पुढे जन्मभर विसरणार नव्हती. तिच्या जिभेवर 'हो' आलं होतं. तेवढ्यात शेजारून एर्निस ओरडला, "अरे, थांबायचं काय! चारच राहिलेत! उद्या मेंढ्यांच्या यादीत यायचंय का?"

साल्किन एर्निसकडे बघतही नव्हती. ती बुरुलकडेच बघत होती.

"चारच राहिलेत," बुरुल म्हणाली.

साल्किनने मान डोलावली आणि ती निघाली. वळणापर्यंत गेली असेल नसेल, एवढ्यात तिची किंकाळी ऐकू आली! बुरुल पेले टाकून धावली. दुखऱ्या पायाने, दोन महिन्यांत पहिल्यांदाच धावली. साल्किन खडीवर आडवी पडली होती, उजवा पाय भलत्याच दिशेला वळला होता. "मला उठवू नका, मला उठवू नका," एवढंच ती म्हणत होती.

मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं होतं. शस्त्रक्रिया करून स्क्रू घालावे लागले. बाहेर येऊन डॉक्टरांनी विचारलं, "हे आज मोडलेलं नाही. निदान महिनाभर भेग असणार. बाई दुखतंय म्हणून बोलली नाही कुणाला? कुणी थांबवलं नाही तिला?"

इस्पितळाच्या रिकाम्या व्हरांड्यातल्या बाकावर साल्किनची सासू आणि बुरुल अशा दोघीच बसल्या होत्या. सासू म्हणाली, "मी थांबवलं होतं, डॉक्टर. हात धरून थांबवलं. तर म्हणते कशी, बुरुल एजे शाळा सांभाळून अडतीस किलोमीटर पळतात, त्या नाही थांबत, मग मी कशी थांबू?" मग ती बुरुलकडे वळली. "तुझ्यावर फार जीव आहे गं तिचा. आता सहा महिने मशीनवर बसायचं नाही म्हणतात. नीट चालेल की नाही, तेही नक्की नाही. तूच काहीतरी धीर दे तिला."

बुरुलला वाटलं, या बाईने आपल्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं!

घरी आल्यावर ती दारातच जमिनीवर बसली. बूटही काढले नाहीत. वडिलांनी दिवा लावला आणि ते तिच्यासमोर मांडी घालून बसले. मग तिने सगळं ओकून टाकलं. फोटो, तारखा, तो मेसेज, ते 'चारच राहिलेत'.

"मी तिचा पाय मोडला, बाबा. मी मोडला."

झुमाबेकांनी तिचे बूट सोडवले. मग म्हणाले, "माझ्याकडे एक घोडा होता. तांबडा. अक्तान नाव ठेवलं होतं. तुझा जन्म व्हायचा होता तेव्हाची गोष्ट. शर्यतीच्या आदल्या दिवशी त्याचा श्वास मला बरा वाटला नाही. घोडा कधी लपवत नाही गं. दुखलं की सांगतो, अंगाने सांगतो. लपवलं ते मी. अख्खा गाव गाड्या भरभरून आला होता, मालक पाहुण्यांना घेऊन बसला होता. कुठल्या तोंडाने सांगू, उद्या घोडा उतरणार नाही म्हणून? मी त्याला उतरवला. शेवटच्या फेरीत तो कोसळला आणि तिथंच मेला. लोक म्हणाले, नशीब. मालक म्हणाला, नशीब. मीही म्हणालो, नशीब."

त्यांनी बूट बाजूला ठेवले. "त्या दिवशी तू म्हणालीस ना, तुमच्या काळात असलं काही नव्हतं? होतं. फोन नव्हता, एवढंच. पंचेचाळीस वर्षं मी हे तुझ्या आईलासुद्धा सांगितलं नाही. लाजेने कुणी मरत नाही, पोरी. चार दिवस मान खाली जाते आणि परत वर येते. जीव जातो तो लपवण्याने. आणि लपवणाऱ्याचा जात नाही, भलत्याचाच जातो! माझा घोडा तर गेला. तुझी मैत्रीण अजून जिवंत आहे. तू माझ्यासारखी पंचेचाळीस वर्षं घालवू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी बुरुल इस्पितळात गेली. साल्किन छताकडे बघत पडली होती. बुरुलने खुर्ची ओढली नाही, उभ्यानेच सांगितलं. फेब्रुवारीपासून आपण एक पाऊलही धावलो नाही. आपल्याही हाडाला भेग होती. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून आपण थांबलो, आणि तिला मात्र थांबू नकोस म्हणालो.

साल्किनने सगळं ऐकून घेतलं. मग अगदी हळू, जणू खरंच समजून घ्यायचं असावं तसं तिने विचारलं, "मग मी कुणाच्या मागे पळत होते, एजे?"

साल्किनने तोंड भिंतीकडे फिरवलं. "जा तुम्ही."

त्या संध्याकाळी नेहमीप्रमाणे फोन थरथरला. बुरुलने आकडा टाकला, शून्य. आणि खाली लिहिलं, "मागच्या सात आठवड्यांचेही शून्यच. माझे सगळे फोटो जुने होते. माझं हाड चिरलं होतं आणि मेंढी व्हायची मला लाज वाटली. साल्किनने मला विचारलं होतं, मी तिला खोटं सांगितलं. तोकोनला आपण हसलो, मीही हसले. मला शिव्या द्यायच्या असतील तर द्या, पण ज्याचं काही दुखत असेल त्याने आजच, आत्ता, इथे लिहावं. माझ्यासारखं लपवू नका!"

लगेच एर्निसचा फोन आला. "एजे, आधी ते पुसून टाका! ग्रुपचं नाव जाईल, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत की. साल्किनच्या सासूपुढे बसून ये एकदा, मग लोकांचं काय ते बोल."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग एर्निस वेगळ्याच आवाजात म्हणाला, "एजे, मी ऑक्टोबरपासून रोज गोळी घेऊन पळतोय. गुडघा. गोळीशिवाय जिना उतरता येत नाही मला. बायकोलाही माहीत नाही."

"मग ते मला नको सांगूस," बुरुल म्हणाली. "तिकडे लिही."

त्याने लिहिलं. मग एकाने लिहिलं, टाच. दुसरीने लिहिलं, तीन महिने पाळी आलेली नाही, सांगायची लाज वाटत होती. कुणी छातीत धडधडतं म्हणालं, कुणी म्हणालं मीही आकडे फुगवतो. तेहतीस जणांच्या ग्रुपमध्ये त्या संध्याकाळी एकोणीस जणांचं काही ना काही दुखत होतं! आणि जानेवारीपासून प्रत्येकाला वाटत होतं की दुखणारे आपण एकटेच.

मेंढ्यांची यादी एर्निसने त्याच दिवशी काढून टाकली. तोकोनला त्याने स्वतः फोन केला आणि माफी मागितली. तोकोनने ऐकून घेतलं, पण तो परत आला नाही. काही माणसं परत येत नाहीत.

शाळेतल्या बायांनाही बुरुलने सांगून टाकलं, पदक नाही. त्या दोन दिवस हसल्या. तिसऱ्या दिवशी हसायला दुसरा विषय मिळाला.

बुरुल रोज दुपारी शाळा सुटली की साल्किनच्या लेकीला बालवाडीतून आणून घरी पोचवायची. साल्किन तिच्याशी बोलत नव्हती. बुरुलनेही बोलायची भीक मागितली नाही. मे उजाडला, इसिक-कुलच्या काठची शर्यत होऊन गेली. ग्रुपमधले अकराच जण उतरले, बाकीचे डॉक्टरांचं ऐकून घरी राहिले.

जूनमधल्या एका रविवारी, आकडे टाकायच्या वेळी, दोन महिन्यांनी साल्किनचं नाव ग्रुपवर दिसलं. तिने लिहिलं होतं, "आज कुबड्या घेऊन बारा पावलं. तेराव्याला रडले. खूप दुखतंय, आणि मला वाटतं मी पुन्हा कधीच धावणार नाही."

बुरुलचे डोळे भरून आले. शाब्बास, वाघीण, हार मानू नकोस, असले शब्द तिच्या बोटांशी आले होते. तिने ते लिहिले नाहीत. तिने विचारलं, "कुठे दुखतंय?"

थोड्या वेळाने उत्तर आलं, "खुब्याच्या मागे. उद्या येता का, एजे? सांगते."

वाचकहो, संकल्प करणं चांगलंच, तो चारचौघांत सांगणं त्याहून चांगलं. पण ज्या चारचौघांत 'मला जमलं नाही' असं म्हणायची सोय नाही, तिथे सांगितलेल्या 'मला जमलं' यावर विश्वास ठेवू नका. आणि शेजारचा माणूस 'थांबू का?' असं विचारत असेल, तर समजा की तो केव्हाच थकलेला आहे. त्याला आधी बसू द्या.