बारा पोती हिरडा

ठमाबाईची जीभ ही सबंध जुन्नर तालुक्यात एकच. लग्नात आमटीचा एक भुरका मारून डाळ कुठल्या शेतातली अन् पाणी कुठल्या विहिरीचं, ते सांगायची. एकदा तर आचारी बायकोशी भांडून आलाय, हेही सांगितलं. माणूस खरंच भांडून आला होता.

दोन हजार चार साली जुन्नरच्या दस्तगीरभाईंची जीप मी चालवायचो. ते ठमाबाईच्या घाटघर गावातला हिरडा विकत घेऊन पुढे पाठवत. त्या वर्षी पुण्याच्या एका कापड रंगवणाऱ्या कंपनीनं हिरडा मागितला, पण अट घातली. फळ झाडावरून हातानं काढलेलं हवं, फांदी तोडून काढलेलं चालणार नाही. तपासायला आरती नावाची पोरगी आली. घाटघरच्या देवळापुढं बारा पोती मांडलेली.

"वाटेत एका झाडावर कोयत्याचा ताजा घाव दिसला," आरती म्हणाली. "त्या फांदीचा माल यातल्या एखाद्या पोत्यात असणारच. ते पोतं कुठलं हे कळलं नाही, तर मला सगळीच परत पाठवावी लागतील."

दस्तगीरभाईंनी टोपी काढून डोकं खाजवलं. सगळ्या गावाची उन्हाळ्याची मेहनत त्या पोत्यांत होती.

"त्यात काय? ठमे, चाख की!" चिमाजी ओरडला. त्याचं अन् ठमाबाईचं बांधावरून वीस वर्षं वाजत होतं.

"माझी जीभ आता म्हातारी झाली," ठमाबाई म्हणाली.

"जीभ? काल मला शिव्या देताना तर लई तरणी व्हती!"

गाव हसलं. ठमाबाई हसली नाही. मुकाट्यानं उठून तिनं पहिल्या पोत्यातला हिरडा दाताखाली धरला. "पाणवठ्याकडचं झाड. हातानं काढलंय." दुसरा. "हे खिंडीतलं, वाऱ्याचं." अकरा पोती झाली. मी एकच चाखला होता, तर तोंड असं आवळलं की तीन दिवस जीपचा हॉर्न वाजवला तरी त्यातून शिट्टीच निघायची.

बाराव्या पोत्यापाशी ती थांबली. चाखलंच नाही.

"ह्योच," ती म्हणाली. "तोडलेल्या फांदीचा."

"आजी, न चाखता?" आरतीनं विचारलं.

"चाखायचं काय त्यात? माझंच पोतं हाय. गुडघा झाडावर चढू देत न्हाई, बाई. मंग फांदीच खाली आणली. आयुष्यात पयल्यांदा तोडली."

चिमाजीनं खाली बघितलं. ठमाबाईचा वर्षाचा तेवढाच माल होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आरतीनं ते पोतं बाजूला ओढलं. "हे मला घेता येणार नाही, आजी. पण बाकीच्या अकरांवर मी डोळे मिटून सही करते. स्वतःचं पोतं बाहेर काढणारं माणूस दुसऱ्याचं खोटं सांगणार नाही. दर वर्षी तपासणी तुम्हीच करायची. कंपनी त्याची मजुरी देईल, ते मी ठरवून देते."

पोती जीपमध्ये चढवताना चिमाजी ठमाबाईजवळ घुटमळला.

"ठमे, पुढल्या साली तुझ्या झाडांवर मी चढतो. पण खालून शिव्या द्यायच्या न्हाईत."

"शिव्या दिल्याबिगर तू कंचं झाड चढलायस रं?" ठमाबाई म्हणाली, अन् पदरानं डोळे पुसले.