नायकाच्या सहीचा ठराव

शिक्का मुठीत घामेजला होता — गोल, जांभळ्या शाईचा, आणि इतका हलका की यात अख्खी कंपनी मावते हे हंसाबाईला अजून खरंच वाटत नव्हतं... तांड्यातल्या बायांच्या हळदीची कंपनी, आणि अध्यक्ष कोण, तर मी! आठवलं की अजून हसू फुटतं.

समोर केतकी वकीलबाई मात्र हसत नव्हत्या. ढाणकी रोडवरची गोदामाची जागा विकणाऱ्यानं कंपनीचे कागद तपासायला त्यांनाच सांगितलं होतं, आणि आज सह्या झाल्या नाहीत तर जागा एका व्यापाऱ्याच्या घशात जाणार होती.

"जागा घ्यायच्या ठरावावर सही कोणाची आहे?"

"नायकाची," शेजारची ममता म्हणाली. "तांड्यात बसूनच ठरवलं ना जी सगळ्याइनं."

"पण देवीलालजी कंपनीत कोणीच नाहीत. हा ठराव तांड्याचा झाला. कंपनी म्हणजे कायद्याला वेगळीच व्यक्ती — तुम्ही नाही, तांडाही नाही. तिच्या वतीनं फक्त संचालक ठरवतात. तुम्ही, ममताबाई, संगीताबाई, तिघी आहात तेवढ्या पुरेत, इथंच बैठक घ्या. बाकी कोणी बसायचं नाही."

बाकी कोणी म्हणजे दाराजवळच्या बाकावरचे देवीलाल. तांड्याचे नायक, आणि हंसाबाईचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्यांच्याशी एक शब्द बोललेली नव्हती, रीतच तशी. बोलायचं ते तिसऱ्याला सांगून, माणूस नसेल तर जनावराला... एका दुपारी देवीलाल खाटेवर निजले असताना साप निघाला तेव्हासुद्धा पदर सावरत ती बकरीवरच ओरडली होती, "बकरे, खाटेखाली साप हाय म्हनाव!" — आणि पाय वर घेऊन देवीलालही बकरीलाच म्हणाले होते, "काठी आन म्हनाव, लवकर!" हसू आलं, पण क्षणभरच. कंपनी काढताना सगळ्यांत आधी 'हो' म्हणणारा हाच माणूस. त्याला मी बाहेर जा म्हणू? आणि इथं तर बकरीही नाही. ममता खाली बघत होती, संगीता खिडकीबाहेर. सगळी भीती एकट्या माझ्या वाट्याला ठेवून!

देवीलाल खाकरले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, भिंतीकडेही नाही. तिच्या मुठीतल्या शिक्क्याकडे पाहिलं.

"कंपनीले इचारून राह्यलो," ते म्हणाले, "मी बसू, का जाऊ?"

वेगळीच व्यक्ती... म्हणजे कंपनीला सासर नाही. भासरे नाहीत. डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरला होता, आणि हंसाबाईचा हात तो सावरायला वर गेला नाही, हे तिला स्वतःलाच जरा उशिरा कळलं. भीती शोधली तर सापडेना. काय सांगावं आधी? जा म्हणावं, पण चहा पिऊन जा म्हणावं, गुडघ्याला तेल लावत जा म्हणावं, सापाच्या दिवशी तुमचा चेहरा काय झाला होता तेही... तिनं शिक्का घट्ट धरला. कंपनीला त्यांच्याशी कितीतरी बोलायचं होतं.