काचेतल्या मागावरचा नवस

“वर काय बघतेस? खाली वाक. कापडाचं तोंड जमिनीकडे असतं.”

बेन्वात हाताखालच्या पोरीला असं सांगायची. मित्रांनो, मी लिओन शहरातला एक जुना रेशमाचा माग आहे आणि बेन्वात माझी विणकरीण होती. आमच्याकडे भारी रेशीम उलटं विणतात. वरून दिसतात ते नुसते लोंबते धागे. फूल, पान, चेहरा सगळं खालच्या अंगाला उमटतं, म्हणजे त्याला हात लागत नाही, धूळ बसत नाही. विणकर खाली एक लहानसा आरसा धरतो आणि त्यात डोकावून आपलं काम बघतो.

माझी चौकट अक्रोडाच्या लाकडाची आहे. डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते आणि कुठला धागा उचलायचा ते तीच ठरवते. विणकरांच्या टेकडीवर उंच छताच्या घरात मी उभा होतो. दिवसभर माझा ‘बिस्तां-क्लाक, बिस्तां-क्लाक’ आवाज गल्लीत ऐकू जायचा. तो थांबला की शेजारीण दारातून विचारायची, “बेन्वात, बरं नाही का गं?”

माझे मालक म्हणजे वाल्सोन घराणं. ते खाली नदीकाठी राहत, रेशीम पुरवत आणि कापड विकत. माणसं गर्विष्ठ होती, मजुरीवरून घासाघीस करायची. पण म्हातारे आन्सेल्म वाल्सोन टेकडी चढून आले की आधी टोपी काढत, मग गुडघे टेकून माझ्या आरशात बघत. त्यांच्या पाटलोणीला धाग्यांचा कचरा लागायचा आणि तो झटकायची त्यांना घाई नसे. त्यांच्या घराण्याचं एवढं मात्र मला आवडायचं.

एका हिवाळ्यात त्यांचा लहानगा नातू रेमी छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला. डॉक्टरांनी मान हलवली. त्याच्या आईने, फिलोमेनने, टेकडीवरच्या मारियामातेला नवस बोलला. पोर वाचलं तर तुझ्या वेदीसाठी वस्त्र विणवीन, आणि माझ्या घरातलं कुणीतरी त्यावर स्वतः हात चालवील. रेमी वाचला. फिलोमेनने शब्द पाळायला घेतला आणि आपल्या दहा वर्षांच्या लेकीला, क्लोतिल्दला, बेन्वातच्या हाताखाली बसवलं. मालकाची पोर विणकरणीच्या बाकावर, ही गोष्ट दोन्ही घरांना विचित्र वाटली. पण मला ती लहानशी पावलं फार सुखाची वाटली.

असं वस्त्र बोटाबोटाने पुढे सरकतं. पांढऱ्या लिलींची किनार झाली, निळा पदर झाला, मातेचा हात झाला. चेहरा सुरू होण्याआधी बेन्वात देवाघरी गेली. तोवर स्वस्त नायलॉन आलं होतं आणि वाल्सोनांचा रेशमाचा धंदा बंद पडला. मला विणीसकट उचलून गोदामात टाकलं. पुढे फिलोमेनने शेवटच्या आजारात लेकीचा हात धरला. “क्लोतिल्द, माझा नवस अर्धा राहिलाय.” “मी पुरा करीन, मामाँ,” ती म्हणाली.

तिने रेमीकडे माग मागितला. ज्याचा जीव त्या नवसाने वाचला होता तो म्हणाला, “पुढच्या वर्षी बघू.” रेमी म्हातारा होऊन वारला, पण ते पुढचं वर्ष काही उजाडलं नाही.

आता रेमीचा मुलगा गास्पार घराण्याचा धंदा बघतो. धंदा म्हणजे काय, ते मला इतकी वर्षं ऐकूनही नीट कळलेलं नाही. हे लोक काही विणत नाहीत, शिवत नाहीत, रंगवत नाहीत. दुसऱ्याने घाम गाळून उभा केलेला कारखाना विकत घ्यायचा, त्यातली माणसं कमी करायची आणि चढ्या भावाने तो तिसऱ्याला विकायचा. याला ते ‘जोपासना’ म्हणतात. देव त्यांना क्षमा करो, मला ती जमत नाही.

त्यांच्या कचेरीच्या दर्शनी दालनात मी काचेच्या खोलीत उभा आहे. पाहुण्यांना सांगतात, “आमचं मूळ.” पाहुणे मान डोलावतात आणि कॉफी पितात. त्यांची प्रतिमा सांभाळायला ओदिल नावाच्या एक बाई नेमल्या आहेत. त्यांनी माझ्यावरच्या कापडाचा फोटो काढला आणि ते चित्र कंपनीचं चिन्ह म्हणून दारावर, पत्रांवर, छत्र्यांवरसुद्धा छापलं. मित्रांनो, तो फोटो उलट्या बाजूचा आहे. जाड्या धाग्यांचा गुंता छातीवर मिरवत ही मंडळी जगभर हिंडतात आणि “किती आधुनिक नक्षी आहे” असं एकमेकांना सांगतात. एकालाही वाकून खाली बघावंसं वाटलं नाही. वाकायची त्या घराला आता सवयच नाही.

क्लोतिल्द मात्र दर शनिवारी येते, उपास धरून. माझी धूळ पुसण्याच्या निमित्ताने तिने काचेच्या दाराची किल्ली मागून घेतली होती. ती लाकडाला मेण लावते, तुटलेला उभा ताणा धागा धागा करून जोडते, पुठ्ठ्यांची माळ शिवते. “आत्याला विरंगुळा,” असं म्हणून कचेरीतले हसतात.

यंदा आठ डिसेंबरला, मातेच्या दिव्यांच्या सणाला, सगळं घराणं आणि बडे गुंतवणूकदार जमले. त्या दिवशी शहरातल्या खिडकीखिडकीत दिवे लागतात. या कचेरीच्या खिडक्या उघडतच नाहीत, म्हणून इथे बॅटरीचे दिवे मांडतात. दुपारी केनेलं, म्हणजे मासळीचे मऊ गोळे, आणि गुलाबी बदामांचा टार्ट खायला वर जाण्याआधी गास्पार माझ्यापाशी थांबला आणि बाकावर चंदेरी कात्री ठेवली.

“जेवणानंतर आपण हे कापड कापणार,” तो म्हणाला. “प्रत्येक गुंतवणूकदाराला एक तुकडा, चौकटीत बसवून. वारशाची वाटणी.”

“वाटायला ते तुझं आहे का?” क्लोतिल्दने हळूच विचारलं. “ते मातेचं आहे.”

“आत्या, नवस आजीने बोललेला.”

“आणि फळ तुझ्या बापाला मिळालं. तो वाचला म्हणून तू जन्मलास.”

मागे कुणीतरी खोकलं. ओदिलबाई मध्ये पडल्या. “मॅडम, पुरं झालेलं कापड कुठेही मिळतं. अपुरेपणात एक कहाणी असते.”

“बाई, मग तुमचं जेवणही अर्धंच वाढू का?”

गास्पारचे दोन चुलतभाऊ हसले. गास्पार हसला नाही. “पहिली चौकट तुलाच देईन,” तो आत्याचा खांदा थोपटून म्हणाला. एखाद्या गुणी कुत्र्याला थोपटावं तसं. मग सगळे जिन्याने वर गेले.

मित्रांनो, मला इतकी वर्षं जपलंय असं हे लोक मानतात. काचेत ठेवणं म्हणजे जपणं नव्हे. तुमच्या घरात कुणाच्या हातची वस्तू असेल तर तिला तिचं काम करू द्या. झिजू द्या, मोडली तर सांधा. कामाविना उभं राहण्यासारखी दुसरी शिक्षा नाही.

क्लोतिल्द खाली एकटीच उरली. वरून ताटांचा आवाज येत होता. तिने दार आतून लावून घेतलं आणि किल्ली झग्याच्या खिशात टाकली. कात्री उचलून तिने भिंतीपाशी जमिनीवर ठेवली. बोटांतल्या अंगठ्या काढल्या, रेशमात अडकू नयेत म्हणून. बूटही काढले. कपाळ, छाती, खांदे यांवर क्रूसाची खूण केली, मग सावकाश, गुडघ्यांना हाताने आधार देत, ती माझ्या बाकावर बसली. आता मातेचा चेहरा विणायचा होता.

तिने पाय माझी पुठ्ठ्यांची माळ फिरवणाऱ्या फळीवर ठेवला आणि दाबला.