गालातला निळा डाग

मी निळा रंग बोलतोय. पण भिंतीचा नव्हे, आणि कापडाचा तर नव्हेच. मला तोंडात लावतात. टोल्युडीन ब्लू हे माझं नाव ब्रह्मदेशातल्या मंडालेच्या या दातांच्या दवाखान्यात कुणाच्या जिभेवर बसत नाही, म्हणून सगळे मला 'निळं औषध' म्हणतात. औषध कसलं! मी कुणाला बरं करत नाही. संशय घेणं, एवढंच माझं काम.

कारखान्यातून भुकटी होऊन आलो, पाण्यात विरघळलो आणि या तपकिरी बाटलीत पडलो. आधी आंबट पाण्याची चूळ, मग मी, मग पुन्हा चूळ. निरोगी जागेवरून मी धुऊन जातो. कर्करोगाची शंका असेल तिथे ठाण मांडतो. पण साध्या जखमेलाही चिकटतो, ही माझी खोड. म्हणून माणसांवर नाही, तसा मी स्वतःवरही विश्वास ठेवत नाही.

आणि माणसांवर ठेवावा तरी कसा? "विडा? छे, कधीतरी," म्हणणाऱ्याचेच दात लालभडक असतात.

ऊ फो न्युनची बाजारात पानाची टपरी. चुना कालवला की तो रोज बोटाच्या टोकावर घेऊन गालाच्या आत लावून बघायचा. फार कडक झाला तर गिऱ्हाईक बोंबलतं ना! त्याची बायको, दॉ मिया यिन, त्याला ओढतच घेऊन आली. गालात पुढे एक चट्टा, मागे दाढेशी दुसरा. मी दोन्हींना चिकटलो.

"काका, चुन्यानं भाजलं असेल तरी असं दिसतं," तरुण डॉक्टर तंडा म्हणाली. "दोन आठवडे विडा बंद, चुना बंद. भाजलेलं असेल तर भरून येईल. नाहीतर तुकडा काढून तपासावा लागेल."

दोन आठवड्यांनी पुढचा चट्टा गेला होता. दाढेशी मात्र मी तसाच गडद बसलो.

"तुकडा काढूया," डॉक्टर म्हणाली.

"थांबा, थांबा! चुना मी सोडलाच नव्हता. चोरून चाखत होतो रोज. भाजलंय हो ते. अजून दोन आठवडे द्या."

इथे मला संशय आला: रोज चुना लागत असता, तर पुढचा चट्टा भरलाच नसता. केलेलं लपवणारे ढीगभर पाहिले; न केलेलं कबूल करणारा हा पहिलाच. पण मी बोलणार कसा? डॉक्टर घुटमळली.

"कुठला चुना चाखलात?" दॉ मिया यिन कडाडली. "डबा माझ्या कुलपात होता. हे बघा, डॉक्टरीणबाई." तिने बोटाने स्वतःचा गाल ओढून दाखवला. आत ताजा, पांढरट, भाजलेला डाग. "मी चाखतेय चुना. टपरी चालायला नको? आणि हे म्हणे चोरून!"

ऊ फो न्युनने मान खाली घातली. "सुरीची भीती वाटते गं."

"मला काय कमी वाटते? उघडा तोंड."

तुकडा मोठ्या इस्पितळात गेला. तिथे माझे गुलाबी-जांभळे भाऊबंद काचेवर तो रंगवतात. संशय माझा, निकाल त्यांचा. आपण खोटं ठरावं असं मला तेव्हा पहिल्यांदा मनापासून वाटलं.

ठरलो नाही. कर्करोगच निघाला; पण लहान होता, कापून काढता आला. ऊ फो न्युन आता मऊ भात सावकाश चावतो. टपरीवर भाजलेले शेंगदाणे मिळतात.

बाटलीत मी तळाशी उरलोय. तुमच्या गालात, जिभेखाली काही न भरणारं असेल, तर दात लागला म्हणा, चुना लागला म्हणा, हवं ते म्हणा. पण मला खोटं ठरवायला तरी या.