नापास टाकी

गल्लीतल्या पावसाच्या पाण्याच्या टाक्या तपासायला नगरपालिका आपल्याच लेकीला पाठवणार, हे कळल्यापासून शिंपीणबाईंचे पाय जमिनीवर नव्हते. लेक नुकतीच पाणी खात्यात निरीक्षक झाली होती. शेजारच्या काकूंनी मात्र कुंपणावरून टोमणा मारलाच, "तुमचं काय बाई! घरचीच निरीक्षक. डोळे झाकून पास!"

टोमणा शिंपीणबाईंना चांगलाच झोंबला. त्यांच्या टाकीला कुणाच्या मेहेरबानीची गरज नव्हती. छपराची पन्हळ त्या स्वतः साफ करत. नियमाप्रमाणे सुरुवातीच्या सरींचं घाण पाणी बाहेर सोडून देत. नगरपालिकेच्या नळाचा पाइप या टाकीला कुठेही जोडलेला नव्हता. आणि टाकीच्या तोंडावर त्यांनी स्वतः शिवलेलं दुहेरी मलमलीचं झाकण होतं, कडेने इलास्टिक ओवलेलं, वर झालरसुद्धा! गिऱ्हाइकांचे पांढरे कपडे याच पाण्यात धुतले, की नव्यासारखे दिसत.

लेक आली ती गळ्यात ओळखपत्र अडकवून. मागोमाग काकूही आल्या, कुणी न बोलावता.

"टाकी कुणाची?" लेकीने विचारलं.

"अगं ठमे, तुझ्या आईची! डोकं ठिकाणावर आहे ना?"

"सगळ्यांना विचारते, आई. तुलाही विचारणार."

तिने पन्हळ पाहिली, पाइप पाहिला, मान डोलावली. मग ती झाकणापाशी थांबली.

"आई, याला झोळ पडलाय."

आपल्या कापडाला झोळ पडला, हे शिंपीणबाईंनी जन्मात कुणाकडून ऐकून घेतलं नव्हतं. "झोळ नाही तो! मुद्दाम सैल ठेवलंय. ताणलं की शिवण उसवते."

"त्या सैल जागेत पाणी साचलंय. बघ."

आतल्या पाण्याला टेकलेल्या मलमलीच्या मधोमध बशीभर पाणी होतं आणि त्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. एका बाजूला इलास्टिकही उचललं गेलं होतं. लेकीने टॉर्च आत मारला. टाकीतही डासांच्या अळ्या होत्या.

"इवल्याशा तर आहेत!" काकू म्हणाल्या. "गाळून घेतलं की झालं. आईच आहे गं तुझी."

शिंपीणबाईंनी टाकीत डोकावून पाहिलं. एवढी भरलेली टाकी वाचवायला त्यांचा एक शब्द पुरला असता. पण मग या गल्लीत लेकीचा शब्द कुणी मानला असता?

लेकीने टॉर्च बंद केला.

"नापास," ती म्हणाली. या शब्दाला आवाज जरा कापला, पुढे नाही. "आजच टाकी रिकामी करून आतून घासायची. कापड चालणार नाही. बारीक जाळी ताणून, घट्ट बसवायची. मग मी पुन्हा बघीन."

शिंपीणबाईंचा चेहरा आधी लालबुंद झाला. इतक्या कौतुकाने शिवलेलं झाकण, तेही काकूंसमोर! मग त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती ओठ घट्ट मिटून, नजर न चुकवता उभी होती.

त्या वाकल्या आणि टाकीची तोटी पूर्ण उघडली. पाणी धो धो अंगणातल्या मातीत जिरू लागलं.

"पाहिलंत ना काकू?" त्यांचा आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा होता. "सख्ख्या आईला सोडलं नाही हिने!"

"पाहिलं हो," काकू पुटपुटल्या आणि पाय न वाजवता घराकडे वळल्या.

"अहो, घाई कसली? पुढची टाकी तुमचीच!" असं म्हणत शिंपीणबाई लेकीच्या आधी पुढे झाल्या आणि तिच्यासाठी फाटक उघडून धरलं.