सकाळचं एरर

बस ना भाऊ, उभा काहून? मंगेश सेक्रेटरी लोधीखेड्याले गेला अन् कपाटाची किल्ली त्याच्याच खिशात. तो आल्याबिगर तुझ्या प्रिंटर दुरुस्तीचं काही होत नाही. तोवर तुले एक गोष्ट सांगतो. तुमच्याच धंद्यातली हाये, पण तुमच्या कॉलेजात शिकवली नसन.

तो कोपऱ्यातला काळा डब्बा पाहिला? मंगेशनं ज्याच्यावर फायली रचल्या, तो. तो आमच्या संत्रा सोसायटीचा सर्वर. म्हणजे होता.

मी श्रीधर, इथला चौकीदार. पहिले ट्रकवर होतो. पांढुर्ण्याचं संत्रं दिल्लीले नेलं, कलकत्त्याले नेलं, खाली कोचीनपावतर नेलं. पाय कामातून गेला तवा आमच्या अध्यक्षानं, पुंडलिकरावनं, मले इथं बसवलं. शाळा मी तिसरीतच सोडली. इंग्रजी अक्षरं शिकलो ते म्होरच्या गाडीच्या नंबर प्लेटवरून. एमपीचा एम, एमपीचा पी, हरियाणाचा एच, केरळचा के. आमच्या क्लीनरले त्यातले अर्धे बी येत नव्हते, मी मास्तर होतो त्याचा!

माझी पोरगी प्रणाली. मी गाडीवर, म्हणून ती सौसरले तिच्या मामाकडं शिकली. मी घरी आलो की ती सौसरले, ती सुटीत आली की मी इटारसीच्या पलीकडं. आता मी घरी बसलो तर ती पुण्याले, कम्प्यूटरच्या नोकरीत. दर रविवारी फोन करते. तिच्या मायशी घंटाभर बोलते. मंग उषा फोन माझ्या हातात देते. "बाबा, जेवले का? गोळ्या घेतल्या?" "घेतल्या बेटा." झालं. ती चूप, मी चूप. काय बोलावं, दोघायले बी समजत नाही. मी म्हणतो, "बरं, घे मायले."

तर मागच्या वर्षी पुंडलिकराव म्हणे, "श्रीधर, तुझी पोरगी वेबसाईट बनवते म्हणे. आपल्याले एक बनवून देईन का? कोणाच्या बगीच्यात किती माल हाये ते व्यापाऱ्याले दिल्लीत बसून दिसलं पाहिजे." पोरगी हो म्हणाली. बनवली बी. तिच्या लॅपटॉपवर पळे, एकदम घोड्यासारखी. पण इथल्या डब्ब्यावर चढवली अन् बसली. पुण्यावरून पाहा तर पांढरं पान. नुसतं कोरं. काय बिघडलं ते या डब्ब्याच्या पाटीवर, म्हणजे स्क्रीनवरच लिहून ये, इथं, अन् ते कोणीतरी इथं उभं राहून वाचलं पाहिजे.

मंगेश येते अकराले. तवा ती तिच्या नोकरीत. सकाळी इथं राहते कोण? मी. अन् माझा फोन असा, बटनवाला. फोटो नाही, काही नाही.

"बाबा, पाटीवर काय लिहून आलं?"

"बेटा, इंग्रजी हाये."

"मले माहीत हाये बाबा, इंग्रजीच राहीन. एक एक अक्षर सांगा ना."

"पहिला एमपीचा पी. बाकी हे ओळखू येऊन नाही राहिले. हे बारके बारके हाये. एबीसीडीचे लेकरं दिसतात."

ती मंग म्हणे, "मंग त्यायचा आकार सांगा."

सांगतला. एक पोट सुटलेला माणूस, कमरेत वाकलेला. ती म्हणे, ए. एक खुंट अन् त्याले एकच फांदी. ती म्हणे, आर. मंग तिनं मले डब्ब्याच्या कीबोर्डचे बटनं दाबाले लावले. बटनावर मोठं अक्षर, ते दाबलं की पाटीवर बारकं निघे. असे मायबाप अन् लेकरं जोडीनं ओळखू आले. रोज सकाळी झाडलोट झाली की मी खुर्ची ओढून बसो अन् फोनची वाट पाहो. उषा म्हणे, "एवढ्या सकाळी दाढी करून कुठं चालले? लग्न हाये का सोसायटीत?"

रेल्वेलाईन इथंच मागं हाये, ऐकून राहिला ना. एकदा मालगाडी आली अन् मी जोरजोरानं ओरडत होतो, "ई! ई!" ती म्हणे, "थांबा बाबा. बोलू नका." मले वाटलं ऐकू नसन जाऊन राहिलं. गाडी गेल्यावर म्हणे, "लय दिवसानं ऐकली." मंग मले विचारे, चौकातला भज्यावाला हाये का अजून? कपाशी फुटली का? मी कोचीनले गेलतो तवा समुद्र पाहिला होता का? हे तिनं मले कधी विचारलं नव्हतं भाऊ. अन् मी बी कधी सांगतलं नव्हतं. समुद्राच्या गोष्टीत त्या दिवशी एरर वाचायचंच राहून गेलं.

मंगेश एक दिवस लवकर आला. त्यानं पाहिलं अन् हसाले लागला. "काका, हे काय तुमचं बालवाडीचं चालू हाये? आणा इकडं, फोटो काढून पाठवतो. दोन मिनिटाचं काम." मी फोनवर तिले सांगतलं. ती म्हणे, "नको. मंगेशभाऊले म्हणा, बाबा वाचतात ते बराबर हाये."

बराबर कायचं! तिनं डब्ब्याचं व्हर्जन विचारलं तर मी सांगतलं, छप्पन.

"छप्पन? बाबा, छप्पन नसते."

"पाच अन् सहा. मधात माशीची घाण हाये. नखानं खरडली, निघून नाही राहिली."

"अहो बाबा, तो ठिपका हाये!"

अशी हसली, अशी हसली! मी फोन कानापासून दूर धरला अन् ऐकत राहिलो. लहानपणी कशी हसे, ते मले काय माहीत?

पण त्या ठिपक्यानंच गाठ सुटली. तिचं काम होतं आठ नंबरच्या व्हर्जनवर, अन् हा डब्बा पाचवर अटकलेला. पाचच्या वर चढायची त्याची ताकदच नाही. तिनं नव्या रीतीनं लिहिलेलं त्याले समजतच नव्हतं. त्याची चूक नाही, तिची बी नाही.

मंग ती म्हणे, "बाबा, दोन रस्ते हायेत. एक, मी सगळं पुन्हा लिहिते, जुन्या रीतीनं, ह्या डब्ब्याले समजन असं. रोज थोडं थोडं. तुम्ही वाचत जा, मी सुधरवत जाईन. लय दिवस लागतीन, अन् मंग बी पुढच्या वर्षी अडनच. दुसरा, दूरची भाड्याची मशीन घ्यायची. एका दिवसात चालू. मंग तुम्हाले काही पाहायचं कामच नाही." अन् म्हणे, "तुम्ही सांगा."

तेवढ्यात पुंडलिकराव आले. आंब्या बहाराच्या संत्र्याची तोडणी तोंडावर, दिल्लीचे व्यापारी फोन करून राहिले. दारातूनच म्हणे, "श्रीधर, पोरगी काय म्हणते? हा डब्बा चालन का नाही? एकच सांग."

भाऊ, त्या वेळी माझ्या हातात होतं. "चालन, थोडा टाइम द्या," असं म्हटलं असतं तर पुंडलिकराव मानले असते. त्यायले काय समजते? अन् खोटं बी नव्हतं ते. पण मी जिंदगीभर संत्रं वाहून नेलं. रस्त्यात गाडी बंद पडली तर माल कसा बसते, खालच्या पेट्यायले कसं पाणी सुटते, मी पाहिलं हाये. लोकायच्या वर्षभराचं असते ते.

मी म्हटलं, "नाही चालत साहेब. भाड्याची घ्या." अन् फोनवर म्हटलं, "बेटा, दुसरा रस्ता."

ती म्हणे, "बरं बाबा." पण फोन ठेवला नाही तिनं. मी बी नाही ठेवला. मालगाडी बी नव्हती त्या वेळी.

दुसऱ्या दिवशी साईट चालू झाली. चालू हाये, पाहून घे, एकदा बी बंद पडली नाही. पुंडलिकरावनं मीटिंगमध्ये पोरीचं नाव घेतलं, टाळ्या वाजल्या. मी बी वाजवल्या.

आता पुन्हा रविवार. जेवले का, गोळ्या घेतल्या. मी एकदा हिंमत करून सकाळी फोन लावला अन् गोळ्यायच्या पाकिटावरचे अक्षरं वाचाले लागलो. ती घाबरलीच. "बाबा, काय होऊन राहिलं तुम्हाले? आई कुठं हाये? डॉक्टरले बोलावलं का?" बिचारी ऑफिसच्या रस्त्यातच उभी राहून रडत होती. तसं पुन्हा नाही करायचं.

अन् डब्बा चालू करावा तर मंगेशनं त्याची तार बी काढून नेली. पाटी अशीच काळी.

तर भाऊ, तू कम्प्यूटरवाला हायेस. तुले ह्या गोष्टी पाठ राहतात. हा कागद घे, हा पेन घे. मले एक एरर लिहून दे. चांगलं लांब. उद्या सकाळी मी तिले सांगतो, बेटा, जुन्या डब्ब्याचं एक राहून गेलतं, वाचू का? तिले समजन. समजू दे. फक्त त्यात एखाद-दोन असे अक्षरं टाक, जे मले येत नाहीत.