मेलेलं सोनं

पिंगळीच्या स्टेशनामागच्या आमराईत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि एवढ्या गर्दीत कुणी बोलत नव्हतं. बायका रांगेने पाराकडे जात होत्या आणि परतताना पदराने तोंड दाबून रडत होत्या. मी दौऱ्यावरून परभणीला निघालो होतो. गाडी खोळंबली म्हणून उतरलो आणि त्या गर्दीत शिरलो.

पारावर सोनबुवा बसले होते. पोट चांगलं सुटलेलं, आवाज मात्र उपासतापास केल्यासारखा खोल.

"सोनं जित्तं असतंय, माय! धन्याच्या श्वासावर जगतंय. धन्याचा श्वास सरत आला की सोनं आधी मरतंय. मी काय बी करत न्हाई. मी निस्ता दाखवतो!"

निस्तं दाखवायला बुवांना दोन बटवे लागत होते. कुणाला डाव्या बटव्यातली अंगाऱ्याची चिमूट मिळे, कुणाला उजव्यातली. आपल्याकडची सवाष्ण देवाचा अंगारा आधी कपाळाला लावते, मग मंगळसूत्रातल्या डोरल्याला. तिला ते सांगावं लागत नाही. माझ्यासमोरच्या बाईने उजव्या बटव्यातला अंगारा अंगठ्याने डोरल्यावर चोळला, आणि बघता बघता त्याची पिवळीधमक वाटी कथलासारखी पांढरी पडली. ती मटकन खाली बसली.

"मेलं! माझं सोनं मेलं!"

उपाय बुवांकडे तयारच होता. मेलेलं डोरलं आणि त्याच्याबरोबर घरातलं सगळं सोनं अमावस्येच्या आत बुवांच्या हवाली करायचं. बुवा गंगाखेडला जाऊन ते गंगेत, म्हणजे गोदावरीत, सोडणार. तोवर गळ्यात हळकुंड बांधायचं. नाही दिलं तर अमावस्येला नवरा गेलाच म्हणून समजा. पुरावा म्हणून पाराखाली धनगरवाड्यातली मनकर्णाबाई बसवली होती. पांढरं कपाळ, कोरडे डोळे.

"हिनं डोरलं दिलं, पर कानातली फुलं लपवली," बुवा सांगत होते. "हिचा धनी येडबा गेला का न्हाई? बघा हिचं कपाळ!"

लोक बघत होते. खरं सांगतो, ते कपाळ बघून मलाही घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत पोचलो. परभणीच्या सरकारी सोनेपारख कचेरीचा मी मोहतमिम, म्हणजे मुख्य अधिकारी. सराफांचं, गहाणाचं, खजिन्यात जमा व्हायचं सोनं आम्ही तपासायचं, त्यावर निजाम सरकारचा शिक्का मारायचा. ज्यावर आमचा शिक्का, ते सोनं. आमच्या पारख्याने नकारार्थी मान हलवली की ते सोनं नव्हे. दारातच एक बाई बसली होती, पिंगळीची कस्तुराबाई. गळ्यातलं डोरलं पांढरं पडलेलं.

"साहेब, तुम्ही दौऱ्यावर व्हता तवा तुमच्या मानसानंच सांगितलं, हे सोनं न्हाई म्हनून. आमच्या मालकांनी भाकर सोडली. म्हनतेत, सरकारनंच सांगितलं तर उगं अन्न कशाला नासायचं? पानी बी घेईना झालेत, धनगरवाड्यातल्या येडबावानी."

मी आबासाहेब पारख्यांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"कसोटीवर घासलं साहेब. रेघ पांढरी उमटली. दगड खोटं बोलत नाही." मग हळूच म्हणाले, "आमच्या घरातले दागिने कालच पिंगळीला पाठवले."

संताप आला, पण त्याहून जास्त भीती वाटली. एक धडधाकट शेतकरी आमच्या कचेरीच्या शब्दावर मरायला निघाला होता. मी सुई घेऊन तिने पुढे धरलेल्या डोरल्याच्या कडेला बारीक चरा पाडला. पांढऱ्याखाली पिवळं चमकलं.

"आबासाहेब, दगडावर तुम्ही साल घासलीत. गर कुणी पाहिला?"

भट्टी पेटवायला सांगितली, तशी कस्तुराबाईने डोरलं मुठीत आवळलं. "सौभाग्य इस्तवात घालू? धनी जित्ते असताना? मला मारा साहेब, पर हे न्हाई."

मी जबरदस्ती केली असती तर सोनं पिवळं झालं असतं आणि तिचे मालक किशनराव तरीही मेले असते. त्यांना ते त्यांच्या डोळ्यांनी दिसायला हवं होतं. पोलिसांचे दोन जवान घेऊन आम्ही पिंगळीला गेलो.

किशनरावांना बाजेवर घालून आमराईत आणलं. ओठ फुटलेले, नजर झाडांच्या शेंड्यांना लागलेली. मी पारावर चढलो आणि बुवांच्या पूजेतली चिंचेने घासलेली तांब्याची पळी उचलली.

"बुवा, हिला उजव्या बटव्यातला अंगारा लावा."

"देवाची पळी हाय ती!"

"मग तर देव सांभाळेलच." बटव्यात बोटं घालून मी अंगारा पळीवर चोळला. लालसर तांबं पांढरंफेक पडलं. "आता सांगा, ह्या पळीचा धनी कोण? अमावस्येला जाणार का तो?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. बुवा उभे राहून गरजले, "जो कोनी सोनं इस्तवात घालील, इस्तव देईल, त्याच्या घरात दिवा लावायला मानूस उरनार न्हाई!"

झालं. मी निखारे मागितले. समोरच चार चुली धगधगत होत्या, पण एक माणूस हलेना. किशनरावांचा भाऊसुद्धा मागे सरकला. बाजेवर श्वास घरघरत होता आणि मी विस्तवाची भीक मागत होतो.

मग पाराखालून मनकर्णाबाई उठली. तिने खापरात निखारे भरले आणि माझ्यापुढे आणून ठेवले.

"माझं आता काय जायाचं ऱ्हायलंय?" ती म्हणाली.

कस्तुराबाईने नवऱ्याकडे पाहिलं. किशनरावांनी पापण्या मिटून होकार दिला. मी आधी तिच्या गळ्यात हळकुंड बांधायला लावलं, मगच तिने डोरलं ओवणीतून काढून माझ्या हातावर ठेवलं. लोकांना वाऱ्याकडे पाठ करून, तोंडाला फडकं बांधून लांब उभं केलं आणि वाटी लोखंडी पळ्यात ठेवून निखाऱ्यांवर धरली.

पातळ वाटी. जरा जास्त तापली तर वितळून गोळा झाली असती, आणि तो गोळा बघून किशनरावांनी तिथेच प्राण सोडला असता. वाटी आधी काळवंडली. बायकांतून हुंदका उठला. मी पळा दोन्ही हातांनी धरला. मग कडेला एक मळकट पिवळा ठिपका दिसला. तो पसरत गेला. वाटी निवल्यावर रिठ्याच्या पाण्यात घासली आणि किशनरावांच्या तळहातावर ठेवली.

त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. मग बायकोला म्हणाले, "भाकर हाय का गं?"

कस्तुराबाई हसत होती की रडत होती, सांगता येणार नाही. बुवा मात्र निघण्याच्या घाईत होते. जवानांनी त्यांना पाराच्या मागे धरलं. त्यांच्या गाठोड्यात गंगेत सोडायला घेतलेलं सगळं सोनं निघालं, मेलेली डोरली तापवून पुन्हा पिवळी केलेली. आबासाहेबांच्या घरच्या पाटल्याही त्यातच होत्या.

युक्ती एवढीच होती. खडूच्या भुकटीत पारा खलला की तो दिसेनासा होतो आणि राखेसारखी करडी पूड तयार होते. ती सोन्यावर चोळली की पारा वर चढून बसतो आणि सोनं पांढरं दिसतं. विस्तवावर पारा उडून जातो, सोनं आहे तिथेच राहतं. त्याची वाफ विषारी, म्हणून घरी कुणी करून पाहू नये. डाव्या बटव्यात नुसती राख होती, ज्यांच्याकडून काही मिळण्यासारखं नाही त्यांच्यासाठी.

हे सगळं मी पारावरून समजावून सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. तेव्हा मनकर्णाबाई पुढे आली.

"साहेब, सोनं मेलंच नव्हतं, तर आमचे धनी कशानं मेले?"

सगळी आमराई माझ्याकडे बघत होती. बुवाचं नाव घेऊन मला सुटता आलं असतं.

"भीतीनं, बाई. तुमच्या मालकांनी अन्नपाणी सोडलं आणि सगळ्यांनी त्यांना सोडू दिलं. कारण सगळेच भ्यायले होते."

खापरातल्या निखाऱ्यांवर तिने पाणी ओतलं आणि धनगरवाड्याकडे चालू लागली. तिला हाक मारायची कुणाचीच हिंमत झाली नाही.

वाचकहो, चमत्कार करणारा माणूस तुमच्या डोळ्यांना फसवतो ते थोडंच. खरं काम तुमची भीती करते. तेव्हा कुणी मरणाची तारीख सांगू लागला, तर आधी विचारा, हे कशानं होतं, मला करून पाहता येईल का? तो चिडला, शाप देऊ लागला, तर उत्तर मिळालं असं समजा. आणि घरात कुणी घाबरून भाकर सोडली असेल, तर पहिल्यांदा त्याला जेवायला घाला. सोन्याची पारख नंतरही करता येते.